पेनड्राइव्ह ओढण्यापूर्वी लिनक्सची इजाजत घ्या

व्यापारी बंधूंनो, दुकानाच्या गल्ल्यावर आता वहीच्या जोडीला संगणक आला आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू केलेले लिनक्स मोफत मिळते, म्हणून काहींनी तेच घातले आहे. परंतु प्रिंटर लावला आणि चालला नाही, की "मशीन बिघडले" म्हणून आपण माणूस बोलावतो व पैसे देतो. आत काय घडते हे समजले तर बराच खर्च वाचेल.

दुकानात नवा दलाल आला तर आपण विचारतो : कोण, कोणत्या पेढीचा, कशासाठी आला? लिनक्सही तेच करते. यूएसबीची वायर खोचताच तिच्यातील विजेच्या दाबात फरक पडतो व संगणकाला पाहुणा आल्याची खबर लागते. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला १ ते १२७ पैकी एक क्रमांक देतो. मग कंपनीचा नंबर, मालाचा नंबर, कामाचा प्रकार आणि वीज किती लागेल हे विचारून घेतो. त्यावरून ड्रायव्हर निवडला जातो. ड्रायव्हर म्हणजे त्या वस्तूची बोली जाणणारा दुभाषा. शेवटी 'यूडेव्ह' नावाचा कारभारी वस्तूला नाव देतो व ती कोणी वापरावी हे ठरवतो.

बहुतेक बारकोड स्कॅनर स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणून देतात, म्हणून ते लगेच चालतात. प्रिंटरला मात्र कधी कधी कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतो.

वस्तू चालत नसेल तर 'एलएसयूएसबी' हा हुकूम इंग्रजीत टाइप करा. यादीत वस्तू दिसली, तर संगणकाने तिला ओळखले आहे; दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा परवानगीचा. दिसली नाही, तर आधी वायर व जागा बदलून पाहा. माणूस त्यानंतर बोलवा.

आता नुकसानीची गोष्ट. एकदा मी उधारीची यादी पेनड्राइव्हवर उतरवली आणि काम झाले असे समजून लगेच ओढून काढली. घरी पाहिले तर फाइल अर्धीच. कारण असे, की लिनक्स मजकूर आधी स्वतःच्या मेमरीत ठेवते आणि सवडीने पेनड्राइव्हवर लिहिते. पडद्यावर 'झाले' दिसले तरी आत लिहिणे चालूच असू शकते. म्हणून पेनड्राइव्हच्या चित्रावर उजवे बटण दाबून 'इजेक्ट' किंवा 'अनमाउंट' करा. काढण्यास हरकत नाही असा संदेश आला, की मगच हात लावा.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहिलेला हिशेब म्हणजे देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची अमानत. चार सेकंदांच्या घाईपायी ती गमावू नका.