कुटुंब न्यायालय : वकील, पक्षकार आणि लोकसहभाग

कौटुंबिक दाव्यांसाठी नेहमीच्या दिवाणी कामकाजाहून वेगळी पद्धत हवी, असे विधी आयोगाने १९७४ च्या ५९ व्या अहवालात म्हटले होते. स्त्री संघटनांनी ही मागणी लावून धरली आणि १९८४ मध्ये कुटुंब न्यायालय अधिनियम संमत झाला. कलम १३ नुसार पक्षकारास वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क नाही; न्यायालयाला आवश्यक वाटल्यास ते विधिज्ञास न्यायमित्र म्हणून पाचारण करू शकते. वकिली व्यवसायाला घातलेली ही मर्यादा स्वागतार्हच होय. परंतु कायद्याची भाषा न जाणणारी, पोटगीसाठी उभी राहिलेली स्त्री त्यामुळे सबल होते की एकाकी पडते? तिला आधार मिळावा तो कलम ५ मधून. समाजकल्याण संस्थांना न्यायालयाशी जोडण्याची तरतूद तेथे आहे. मात्र तसे नियम करणे राज्य शासनाच्या इच्छेवर सोपविले आहे.