दहा वाजून दहाची सुई

सकाळी ७.४५
मिरजेतला एक खासगी दवाखाना, दुसरा मजला, हाडांचा वॉर्ड. सिस्टर मस्टरवर सही करते. ड्युटी बारा तासांची, पगार महिना १८,०००. रात्रपाळीची सिस्टर ओव्हर देते. "तीन नंबर. काल डावा गुडघा बदलला. सुई रात्री दहा वाजून दहाला दिली."

८.३०
तीन नंबरला अथणीची अज्जी. बँडेजवर रक्ताचा डाग. रात्री कुणीतरी डागाच्या कडेनं पेनानं रेघ मारून वेळ लिहिलीय. आता डाग रेघेच्या बोटभर बाहेर आलाय. सिस्टर नवी रेघ ओढते, नवी वेळ टाकते. रात्रीत बोटभर चालतं, तासात बोटभर चालत नाही. नाडी, बीपी, हिमोग्लोबिनला रक्त. "नोवु इदेया?" दुखतंय का, एवढं कानडी मिरजेत यावंच लागतं. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना काढला, तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव.

९.४०
भूलतज्ज्ञ येतात. अज्जीच्या पाठीत दुखणं मारायला बसवलेली बारीक नळी काढायचीय.
"सुई किती वाजता दिली?"
"दहा वाजून दहा."
"मग आत्ता नाही."
पायात गुठळी होऊ नये म्हणून ४० मिलिग्रॅमची ती सुई. तीच रक्त वाहतंही ठेवते. बारा तासांच्या आत नळी ओढली आणि मणक्यात रक्त साकळलं, तर मज्जारज्जू दबतो, पाय लुळे पडू शकतात. डॉक्टर चहाला जातात.

१०.२०
नळी निघते. टोक अख्खं आहे ना, तेही बघून झालं. पुढची सुई निदान चार तास नाही. तशीही ती रात्रीच आहे. आता तासातासाला अज्जीचे पंजे वर-खाली करून घ्यायचे. पायात ताकद आहे हे कळतं आणि पोटरीतलं रक्तही हलतं.

११.१५
फिजिओ वॉकर घेऊन येतो. अज्जी पाच पावलं चालते, फिजिओला कानडीत काहीतरी सुनावते, बसते.

१२.३०
पाच नंबरला घरी सोडायचंय. मुलगा बिल पुन्हापुन्हा वाचतो. सुई अजून दहा दिवस, एक साडेचारशेची. म्हणजे साडेचार हजार.
"गोळी नाही का चालत?"
"काहींना चालते. डॉक्टरांना विचारा. पण मनानं बंद करू नका."
गावात सुई द्यायला कुणी नाही, म्हणून सिस्टर त्यालाच शिकवते. बेंबीपासून दोन इंच लांब. कातडीची घडी चिमटीत धरायची. सुई सरळ, पूर्ण आत. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही. काढायला गेलं की औषधही सांडतं.
"म्हशीला देतो की मी."
"आणि नंतर चोळता ना? इथं चोळायचं नाही. काळंनिळं होतं."
दुखलं म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची नाही, हेही ती दोनदा सांगते. सुई चालू असताना त्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला काळं झालं तर लगेच यायचं. मुलगा मान हलवतो. त्याचं लक्ष बिलाकडे.

दुपारी २.००
डबा. निम्मा.

४.१०
सात नंबरच्या बाईंची सून सासूच्या पोटरीला तेल चोळत बसलीय.
"ताई, हात काढा आधी."
पोटरी टणक, गरम. सिस्टर टेप लावते. ऑपरेशनचा पाय ३८ सेंटीमीटर, दुसरा साडेचौतीस. ऑपरेशनचा पाय सुजतोच, त्यामुळे नुसत्या टेपवर ठरत नाही. पण आत गुठळी असली तर चोळून ती सुटायची, फुप्फुसात जाऊन अडकायची. दम लागतोय? छातीत दुखतंय? नाही. ऑक्सिजन ९७. ती सर्जनना फोन करते. ते डॉपलर सांगतात. वॉर्डबॉय मामा व्हीलचेअर आणतात. तिचं एक चाक अडतं.

६.३०
रिपोर्ट येतो. नसा मोकळ्या, गुठळी नाही.
"उगाच दोन हजार गेले," बाईंचे यजमान म्हणतात.
सिस्टर रिपोर्ट फाइलला लावते. मला विचाराल तर दोन हजारांत आजची झोप स्वस्त पडली. पण ते त्यांच्या तोंडावर कोण बोलणार?

८.००
अज्जीचा डाग दुपारपासून रेघेच्या आत आहे. हिमोग्लोबिन साडेनऊ. रक्त चढवायचं नाही, उद्या पुन्हा तपासायचं. रात्रीची सिस्टर अजून आली नाही. ती येते ८.२५ ला, बस चुकली म्हणून.
"तीन नंबर, दहा वाजून दहाला सुई. काल उजवीकडे दिलीय, आज डावीकडे."
वरच्या पंचवीस मिनिटांचे पैसे मिळत नाहीत.