९१६ चा शिक्का पाहून थांबू नका, नंबर मोबाइलवर तपासा

बीड : कापसाचे पैसे हातात आले की लग्नघरात पहिला खर्च सोन्याचा. दुकानदार ९१६ चा शिक्का दाखवतो अन् माणूस निर्धास्त होतो. पण नुसतं ९१६ कुणीही ठोकू शकतं. 'केडीएम आहे' हेही शुद्धतेचं प्रमाण नाही. ते जोडकामात वापरलेल्या कॅडमियमचं नाव.

खऱ्या हॉलमार्कला तीन खुणा असतात. बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०) आणि अक्षर-आकड्यांचा सहा जागांचा एचयूआयडी नंबर. १ एप्रिल २०२३ पासून या नंबराशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. खुणा बारीक असतात, भिंग मागून घ्या. लाजायचं कशाला, पैसे आपले आहेत.

पैसे देण्याआधी 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो नंबर टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता अन् हॉलमार्क करणारं केंद्र दिसतं. हातात गंठण आणि ॲपवर अंगठी दिसली, तर नंबर दुसऱ्याच डागाचा आहे. तिथूनच उठा.

दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही. सध्या साखरपुड्यात चालणाऱ्या प्लॅटिनमच्या अंगठीलाही नाही. तिच्यावर ९५० चा शिक्का बघा आणि शुद्धता बिलावर लिहून घ्या.

बिल पक्कंच घ्या. वजन, कॅरेट, भाव, घडणावळ वेगवेगळी लिहिलेली हवी. हॉलमार्कचं सोनं तपासणीत कमी भरलं, तर फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीची फी विकणाऱ्याकडून मिळण्याचा नियम आहे. चिठ्ठीवरच्या हिशोबावर ती मागणार कशी?