डिमांड ऑफ की डिमांड फॉर? कोटेशनमधले छोटे शब्द आणि तुमचे पैसे



मागच्या व्हिडिओत आपण कोटेशनचा फॉरमॅट पाहिला. आज त्याच कोटेशनमधल्या दोन-तीन अक्षरी शब्दांबद्दल बोलू. ऑफ, फॉर, ऑन, इन, टू. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरणाऱ्यांचं सगळं लक्ष मोठ्या शब्दांवर असतं. पण मोठा शब्द चुकला तर समोरचा फोन करून विचारतो. हे छोटे शब्द चुकले तर तो विचारत नाही, त्याला जो अर्थ लागला तोच धरून चालतो.

सिंदी मेघेत माझं दुकान आहे आणि संध्याकाळी ट्रेनिंग. तिथे एक वाक्य मी प्रत्येक बॅचला देतो: "वायगाव हळदीची मागणी वाढली आहे." आपल्याच जिल्ह्यातली, समुद्रपूर तालुक्यातली हळद, २०१६ साली जीआय मिळालेली, म्हणून तीच घेतो. बहुतेक जण लिहितात, 'डिमांड ऑफ वायगाव टर्मरिक'. इंग्रजीत मात्र वस्तूला मागणी असेल तर 'डिमांड फॉर'. 'डिमांड ऑफ' म्हटलं की सहसा मागणी करणारा कोण ते येतं, म्हणजे 'डिमांड ऑफ द वर्कर्स'.

आपलं असं का होतं? शाळेत आपल्याला चा-ची-चे म्हणजे ऑफ असं शिकवलं आणि ते डोक्यात पक्कं बसलं. पण मराठीतला हा 'ची' फार कामं करतो. "मजुरांची मागणी" म्हणा बरं. मजूर काही मागत आहेत, की कोणाला मजूर हवे आहेत? दोन्ही अर्थ होतात. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या भागात दोन्ही मागण्या एकाच वेळी चालू असतात आणि बोलताना आपल्याला संदर्भावरून कळतं. इंग्रजीत ते काम ऑफ आणि फॉर वाटून घेतात. म्हणून मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून नेलं की गडबड होते.

आता एक गोष्ट पक्की धरा. इंग्रजीत हा छोटा शब्द बहुतेक वेळा नामाच्या आवडीने येतो. डिमांडला फॉर लागतो, रिप्लायला टू, रीझनला फॉर, डिलेला इन, इन्व्हेस्टमेंटला इन. "असं का?" याचं प्रत्येक वेळी समाधानकारक उत्तर मिळत नाही. मराठीत तरी कुठे मिळतं? आपण 'तुझ्यावर विश्वास' म्हणतो, 'तुझ्याबद्दल आदर' म्हणतो आणि 'तुझ्याशी संबंध' म्हणतो. वर, बद्दल, शी. कोणी शिकवलं? कानाने शिकलो. आपल्याकडे 'मला'चं 'मले' होतं तेही कोणत्या पुस्तकातून नाही आलं. आणि हाच 'वर विश्वास' इंग्रजीत नेला की दुकानाच्या पाटीवर 'ट्रस्ट ऑन अस' येतं. नाम असेल तर तिथे 'ट्रस्ट इन' हवं.

बरं, तुम्हाला काहीच येत नाही असंही नाही राजेहो. 'कॅश ऑन डिलिव्हरी' कोणाला येत नाही? 'लोन अगेन्स्ट प्रॉपर्टी' बँकेच्या दारावर वाचलेलं असतं. 'अॅप्लिकेशन फॉर लीव्ह' तर मराठी शाळेतही घोकून घेतलंय. यातला ऑन, अगेन्स्ट, फॉर वेगळा काढून कोणी पाठ केला नाही, जोडी एकत्रच लक्षात राहिली. बाकीच्याही तशाच शिकायच्या. वहीत 'डिमांड' एकटा लिहू नका, 'डिमांड फॉर' असा लिहा.

काही नामं जोडीदार बदलला की अर्थच बदलतात. 'इंटरेस्ट' बघा. 'इंटरेस्ट इन युवर प्रॉडक्ट' म्हणजे तुमच्या मालात रस. 'इंटरेस्ट ऑन' म्हणजे व्याज. एखाद्या सप्लायरला 'वुई हॅव इंटरेस्ट ऑन युवर प्रॉडक्ट' लिहिलं तर तो समजून घेईल, हसेलही. पण 'इंटरेस्ट ऑन लेट पेमेंट' हे बिलावर आलं की हसायचं काम नाही, ते व्याज आहे आणि द्यावं लागू शकतं.

पैसे कुठे जातात ते आता सांगतो. ट्रेनिंगला येणाऱ्या एका ताईंचा मसाल्याचा छोटा व्यवसाय आहे. त्यांच्या मनात सूट अशी होती: थोडा माल घेतला तर ५ टक्के, मोठी ऑर्डर असली तर वाढत वाढत १५ टक्क्यांपर्यंत. कोटेशनमध्ये लिहिलं, 'डिस्काउंट ऑफ १५ परसेंट ऑन ऑल ऑर्डर्स'. बाहेरगावच्या खरेदीदाराने २८० रुपये किलोने ४० किलो मागवला. ११,२०० रुपयांच्या मालावर ताई ५६० रुपये सूट देणार होत्या, त्याने १,६८० कापून पैसे पाठवले. १,१२० रुपयांचा फरक. आणि चूक त्याची नाही! कागदावर जे लिहिलं तेच त्याने केलं. 'ऑफ'च्या जागी 'अप टू' हवं होतं आणि खाली कोणत्या वजनाला किती ते हवं होतं. मसाल्यात किलोमागे सुटतं किती, हे तुम्हाला मी सांगायला नको.

भाववाढीचंही असंच. 'इन' आलं की कशात वाढ, 'ऑफ' आलं की कितीची वाढ, 'टू' आलं की कुठपर्यंत. १०० रुपयांच्या डब्याचा दर १२० करायचा असेल तर 'अॅन इन्क्रीज ऑफ २० रुपीज' किंवा 'अॅन इन्क्रीज टू १२० रुपीज'. यात ऑफ आणि टूची अदलाबदल झाली तर 'इन्क्रीज ऑफ १२०' म्हणजे डबा २२० चा झाला. रिडक्शनला पण हाच नियम.

आता पेमेंट. 'पेमेंट आफ्टर डिलिव्हरी' असं नुसतं लिहू नका. डिलिव्हरीनंतर म्हणजे दुसऱ्या दिवशी की पुढच्या दिवाळीला? 'पेमेंट अगेन्स्ट डिलिव्हरी' म्हणजे माल हातात, पैसे हातात. उधारी द्यायचीच असेल तर 'पेमेंट विदिन ३० डेज ऑफ डिलिव्हरी', म्हणजे दिवस कुठून मोजायचे ते ठरलं. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या आणि उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म, लघु उद्योजकांना इथे २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचा आधार आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. म्हणजे 'इंटरेस्ट ऑन डिलेड पेमेंट' हा तुमचा हक्क आहे. माझ्यासारख्या नुसत्या दुकानदाराला, ट्रेडरला, ही सोय नाही. म्हणून मी उधारीच कमी देतो.

आता सगळंच सुधारत बसायचं का? नाही. 'चेक ऑफ ५,००० रुपीज' आपल्याकडे सर्रास लिहितात. पुस्तकात 'चेक फॉर' आहे, पण चेक वटतोच ना! 'डिमांड ऑफ टर्मरिक' वाचूनही नागपूरचा व्यापारी समजतो. बाहेरच्या देशात माल पाठवणार असाल तर ते नीट करा, कारण तिथे पहिलं पत्र हीच तुमची ओळख. पण आधी त्या जोड्या दुरुस्त करा, जिथे रक्कम, तारीख किंवा जबाबदारी बदलते. बाकीचं हळूहळू.

तपासायचं कसं? गूगलवर पूर्ण जोडी दुहेरी अवतरण चिन्हात टाकून शोधा. फक्त आकडा बघू नका, कारण आपल्याच लोकांनी लिहिलेलं 'डिमांड ऑफ' पण ढिगाने सापडेल. कोण लिहितंय ते बघा: मोठी वर्तमानपत्रं, जुने निर्यातदार, बँका. दुसरा उपाय म्हणजे लर्नर्स डिक्शनरी. ऑक्सफर्डची ऑनलाइन फुकट आहे. नाम शोधलं की त्याच्यासोबत कोणता छोटा शब्द येतो ते ठळक दिलेलं असतं. डिक्शनरीवाल्यांनी हे मनाने ठरवलेलं नाही. १९८७ साली आलेली कोबिल्ड डिक्शनरी बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या टीमने खरोखर छापलेलं, बोललेलं इंग्रजी कॉम्प्युटरमध्ये गोळा करून बनवली, आणि पुढे बाकीचेही त्याच वाटेने गेले.

भाषांतराचं अॅप वापरत असाल तर वापरा, जोड्या बऱ्यापैकी बरोबर लावतं. पण "मजुरांची मागणी" टाकली तर तेही अंदाजच करणार. त्याला आधी स्पष्ट मराठी द्या: "मजूर हवे आहेत."

या आठवड्याचं काम: तुमची शेवटची तीन कोटेशन काढा. डिस्काउंट, पेमेंट, डिलिव्हरी, इन्क्रीज आणि इंटरेस्ट, एवढ्या पाच नामांना गोल करा आणि पुढचा शब्द वाचा. 'डिलिव्हरी टू' च्या पुढे पूर्ण गाव आहे ना तेही बघा. नुसतं 'सिंदी' लिहिलं तर गाडी सिंदी रेल्वेला जाते, आणि परतीचं भाडं कोणाचं यावर मग भांडण.

पुढच्या व्हिडिओत बिलावरच्या अटी घेऊ.