रक्तपेशी ‘पाहणारा’ संगणक

ठाणे, विशेष प्रतिनिधी

पावसाळ्यात ताप दोन-तीन दिवस हटला नाही, की कोलशेतच्या टोलेजंग गृहसंकुलांतील रहिवासी काय आणि शेजारच्या बांधकामांवरील मजूर काय, सर्वांनाच रक्त तपासून घ्यावे लागते. अहवाल हाती पडताच नजर जाते ती प्लेटलेटच्या आकड्यावर. किमान दीड लाख अपेक्षित असताना ४० हजार दिसले, की घरात धावपळ उडते. हा आकडा येतो कोठून, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

बहुतेक प्रयोगशाळांतील यंत्र पेशी पाहत नाही, ते पेशी मोजते. अमेरिकेतील वॉलेस कूल्टर यांनी १९५३ मध्ये पेटंट मिळविलेले तत्त्व आजही वापरात आहे. सूक्ष्म छिद्रातून पेशी जाताना विद्युतप्रवाहाला अडथळा होतो. जेवढा अडथळा मोठा, तेवढी पेशी मोठी. गफलत होते ती येथेच. रक्त गोठू नये म्हणून नळीत ईडीटीए हे रसायन असते. त्यामुळे काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. असा पुंजका यंत्राच्या हिशेबात प्लेटलेट ठरत नाही आणि आकडा विनाकारण घसरतो. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर देऊन, तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास पुंजके स्पष्ट दिसतात. हिवतापाचा परजीवीही तांबड्या पेशीत असाच दिसतो.

काचपट्ट्या पुष्कळ आणि त्या वाचणारे अनुभवी डोळे मोजके, ही खरी अडचण. तेथे संगणक मदतीला येतो. स्वीडनची सेलाव्हिजन ही या क्षेत्रातील जुनी कंपनी. बंगळुरूच्या सिगटपल कंपनीच्या यंत्रालाही २०२३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची मान्यता मिळाली.

सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा छायाचित्रे टिपतो आणि संगणक प्रथम रंगांच्या फरकावरून पेशी पार्श्वभूमीपासून वेगळ्या करतो. एकमेकींवर चढलेल्या पेशी सोडविण्याची एक युक्ती तर ठाणेकरांना चटकन कळावी. येऊरच्या डोंगरावरील पाऊस कोणत्या नाल्याने कोलशेतच्या खाडीकडे जाईल, हे मधल्या उंचवट्यांवर ठरते. संगणकही प्रत्येक पेशीचा मध्य खोलगट मानून त्यात जणू पाणी भरतो. दोन तळ्यांचे पाणी जेथे भिडेल, तेथे बांध घालतो. हा बांध म्हणजेच दोन पेशींमधील सीमा. या पद्धतीला नावही ‘पाणलोट’ असेच आहे.

पुढचे काम ओळखण्याचे. त्यासाठी संगणकाला हजारो नमुने दाखवून शिकवावे लागते. हिवतापासाठी संशोधकांनी सर्रास वापरलेल्या एका संग्रहात २७,५५८ पेशींची छायाचित्रे आहेत. ती बांगलादेशातील चितगावच्या वैद्यकीय महाविद्यालयात घेतलेल्या काचपट्ट्यांची. त्या काचपट्ट्या गिम्सा रंगाने रंगविलेल्या होत्या. आपल्याकडील सरकारी हिवताप प्रयोगशाळांत मात्र जेएसबी रंग प्रचलित आहे. रंगछटा, कॅमेरा किंवा थराची जाडी बदलली, की एका ठिकाणी हुशार ठरलेला संगणक दुसरीकडे चाचपडू शकतो. रंगाचा साधा डागही त्याला परजीवी वाटू शकतो.

म्हणूनच संगणक संशयास्पद पेशी निवडून पडद्यावर मांडतो, निर्णय पॅथॉलॉजिस्टचा. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच स्वाक्षरी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे.

डेंगीत प्लेटलेट खरोखरच घटतात. तेव्हा कमी आकड्याकडे दुर्लक्ष नको. मात्र काचपट्टी पाहिली का, हे प्रयोगशाळेला जरूर विचारावे. पुंजके आढळले असल्यास सायट्रेट असलेल्या नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजणी करता येते.