भाड्याचं घर सोडताना : जर्मनीतला एक महिना, एक सही आणि एक काळा कोपरा

गेल्या नोव्हेंबरात आमच्या ग्रुप मीटिंगच्या शेवटी गाईड मॅडमनी एक साधी स्लाईड दाखवली. दुसऱ्या विद्यापीठाकडून त्यांना 'रूफ' आला होता, आणि १ एप्रिलपासून लॅब तिकडे हलणार होती. रूफ म्हणजे शब्दशः हाक. जर्मनीत प्राध्यापकपदाच्या निमंत्रणाला असं म्हणतात. प्राध्यापक गेला की बहुतेक वेळा उपकरणं, निधी आणि पीएचडीचे विद्यार्थी असं सगळं बिऱ्हाड त्याच्या मागोमाग जातं. पीएचडीला प्रवेश घेताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. चार वर्षांत एकदा तरी शहर बदलावं लागेल हे गृहीत धरा.

लेझर टेबल कसं हलवायचं यावर आमच्या तीन मीटिंगा झाल्या. स्वतःचं घर कसं सोडायचं याचा मी पंधरा मिनिटंही विचार केला नाही. पुण्यात एमएस्सीला असताना अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स होतं. महिनाभर आधी काकांना फोन करायचा, डिपॉझिटातून रंगाचे पैसे किती कापणार यावर थोडी घासाघीस करायची, आणि टेम्पो बोलवायचा. डोक्यात तेच चित्र होतं.

जर्मनीत मुदत न ठरवलेल्या करारात भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्यातही एक बारकावा आहे. नोटीस महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली, तरच तो महिना धरला जातो. म्हणजे ३१ मार्चला सुटायचं असेल तर जानेवारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत ती पोचली पाहिजे. मी २ जानेवारीला छान जर्मनमध्ये ईमेल लिहिला आणि निर्धास्त झाले. दोन दिवसांनी मालक आजोबांचं उत्तर आलं, अगदी सभ्य शब्दांत : ईमेल मिळाला, नोटीस मिळाली नाही.

त्यांचं बरोबर होतं. घराची नोटीस कागदावर, हाताने सही केलेली लागते, असं जर्मन नागरी संहिता सांगते. स्कॅन, पीडीएफ, व्हॉट्सॲप यातलं काही चालत नाही. दोघांच्या नावावर करार असेल तर दोघांच्या सह्या लागतात. कागदी पत्र दुसऱ्या आठवड्यात पोचलं, आणि माझं घर ३१ मार्चऐवजी ३० एप्रिलला सुटलं. एप्रिलभर मी दोन शहरांत दोन घरांचं भाडं भरलं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, एका सहीपायी महिन्याचं भाडं?" हो, एका सहीपायी.

इथल्या आपल्या मुलांच्या ग्रुपवर लगेच सल्ला आला की तीन नवे भाडेकरू शोधून दे, मग मालकाला तुला सोडावंच लागतं. ही अफवा इतकी पसरलेली आहे की कित्येक जर्मन लोकही ती खरी मानतात. करारात तशी तरतूद नसेल तर मालकावर सहसा असं काही बंधन नसतं. त्याने ऐकलं तर तो त्याचा चांगुलपणा. आमच्या आजोबांना नव्या माणसाची घाई नव्हती.

आणखी एक गोष्ट करारावर सही करण्याआधी बघा. करार ठरावीक मुदतीचा असेल तर ती मुदत संपेपर्यंत साध्या नोटिशीने बाहेर पडता येत नाही. तीन वर्षांची फेलोशिप आहे म्हणून तीन वर्षांचा करार करणं सोयीचं वाटतं, पण मधेच रूफ आला की पंचाईत. विद्यार्थी वसतिगृहांचे नियम वेगळे असतात, ते त्यांच्या करारातच पाहायचे.

आता डिपॉझिटकडे येते. कायद्याने ते तीन महिन्यांच्या 'काल्टमीटं'पेक्षा जास्त घेता येत नाही. काल्टमीटं म्हणजे गरम करणं, पाणी वगैरे खर्च न धरता नुसतं जागेचं भाडं. माझं ४१० युरो होतं, म्हणून डिपॉझिट १२३०. पीएचडीच्या पगारात ही रक्कम लहान नाही, आणि नव्या घराचं डिपॉझिट जुनं परत येण्याआधी द्यावं लागतं. ते तीन मासिक हप्त्यांत भरायचा भाडेकरूला हक्क आहे, हे मला यावेळी कळलं आणि मी तो वापरला.

३० एप्रिलला घर ताब्यात द्यायला मी सकाळच्या ट्रेनने गेले. खोली घासूनपुसून आधीच लख्ख केली होती, भिंतींतल्या खिळ्यांच्या भोकांत लांबी भरली होती. (किचन ओटा आणि कपाटं तशीच ठेवायची होती, कारण ती मालकाची. इथे बरीच घरं ओट्याशिवाय मिळतात आणि लोक जाताना अख्खं स्वयंपाकघर उचलून नेतात, यावर माझ्या घरी अजून कुणाचा विश्वास बसत नाही.) आजोबा हातात छापील फॉर्म घेऊन एकेक खोली बघत होते. झोपायच्या खोलीत, जिथे माझं कपाट होतं त्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात ते थांबले. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत काळे ठिपके. बुरशी. मी ते आदल्या शनिवारी पुसले होते, पण पुसल्याने डाग जात नाही. आजोबा म्हणाले, "तुम्ही खिडक्या उघडत नव्हता. प्लॅस्टर, रंग, मजुरी धरून चारशे युरो." आणि तसं फॉर्मवर लिहून त्यांनी पेन माझ्यापुढे केलं.

इथे थोडं विज्ञान सांगते, कारण हा वाद मुळात पदार्थविज्ञानाचा आहे आणि तो समजला तर तुमचे पैसे वाचतील.

२० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. खोलीत ५० टक्के आर्द्रता असेल तर प्रत्यक्षात साडेआठ ग्रॅमच्या आसपास असते. हीच हवा थंड भिंतीला टेकली की गार होते, आणि गार हवेत कमी वाफ मावते. म्हणजे वाफ तेवढीच, पण सापेक्ष आर्द्रता वाढते. भिंत ९.३ अंशांपर्यंत उतरली तर १०० टक्के होऊन पाणी साचतं. तो दवबिंदू. पण बुरशीला पाणी साचायची वाट बघावी लागत नाही. पृष्ठभागाजवळ ८० टक्के आर्द्रता बराच काळ टिकली तरी तिला पुरतं, आणि ५० टक्क्यांच्या खोलीत ती स्थिती भिंत १२.६ अंशांवर असतानाच येते. जर्मन बांधकाम मानकात हाच आकडा वापरतात. म्हणून "भिंत कधी ओली दिसली नाही" हे माझं म्हणणं खरं असूनही निरुपयोगी होतं.

दोन बाह्य भिंती मिळतात तो कोपरा सगळ्यात थंड, कारण तिथे उष्णता बाहेर पडायला जागा जास्त आणि आतून मिळायला कमी. त्यात मी कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं होतं, म्हणजे खोलीची ऊब कोपऱ्यापर्यंत पोचतच नव्हती. हा दोष माझा. हिवाळ्यात कपडे खोलीतच वाळत घातले, हाही माझाच.

खिडकीबाबत मात्र आपली सगळी सहजबुद्धी उलटी पडते. पुण्यात जुलैमध्ये बाहेरची हवा २५ अंश आणि ८५ टक्के असेल तर तिच्यात घनमीटरला १९-२० ग्रॅम वाफ असते. खिडकी उघडली की दमटपणा आत येतो, म्हणून पावसात आपण खिडक्या लावतो. जर्मनीत जानेवारीत शून्य अंशाला पाऊस पडत असला, हवा पूर्ण संपृक्त असली, तरी तिच्यात पाचेक ग्रॅमच वाफ असते. ती आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता सुमारे २६ टक्के. म्हणजे पावसातली हवासुद्धा घर वाळवते. म्हणून इथले लोक हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडतात, पाच-दहा मिनिटांत हवा बदलून घेतात आणि बंद करतात. मी पहिल्या वर्षी खिडकी वरून थोडी कलती करून दिवसभर ठेवायचे. त्याने हवा धड बदलत नाही, चौकट आणि तिच्या बाजूची भिंत मात्र गार पडते.

मग चूक सगळी माझीच का? नाही. जुन्या इमारतीचा तो कोपरा मुळातच थंड आहे. पण २०१८च्या डिसेंबरमध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटलं आहे की बांधकामाच्या वेळच्या मानकांना धरून बांधलेल्या इमारतीत असे थंड भाग असणं, एवढ्यावरून घर सदोष ठरत नाही. त्यामुळे "तुमची भिंतच वाईट" हा युक्तिवाद एकटा पुरत नव्हता. माझ्याकडे दुसरं काहीतरी हवं होतं.

ते एका सीनियर ताईमुळे होतं. साडेतीन वर्षांपूर्वी मी हे घर घेतलं तेव्हा ती सोबत आली होती. प्रवेशाच्या प्रोटोकॉलवर, म्हणजे दोघांनी मिळून भरायच्या घराच्या स्थितीच्या नोंदीवर, तिने हट्टाने एक ओळ लिहायला लावली होती : झोपायची खोली, उत्तर कोपरा, खाली डाग, वरून नवा रंग. मला तेव्हा लाज वाटली होती, पहिल्याच दिवशी काय कटकट. तिने फोटोही काढले होते. शिवाय दोन हिवाळ्यांपूर्वी ठिपके दिसले तेव्हा मी आजोबांना फोटोसह ईमेल केला होता. भाडेकरूने घरातला बिघाड लगेच कळवायचा असतो. न कळवल्यामुळे नुकसान वाढलं तर भरपाई त्याच्यावर येऊ शकते. नोटिशीला ईमेल चालत नाही, पण कळवल्याचा पुरावा म्हणून तो चालतो.

मी फॉर्मवर सही केली नाही. सही करायचं कायदेशीर बंधन नाही, आणि 'चारशे युरो मान्य' अशा ओळीखाली केलेली सही मागे घेणं फार कठीण. चाव्यांची संख्या आणि मीटरचे आकडे मात्र दोघांनी लिहून त्यावर सह्या केल्या, मी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले आणि निघाले. काही दिवसांनी विद्यार्थी परिषदेच्या मोफत कायदा सल्ल्याला गेले. बऱ्याच विद्यापीठांत ही सोय असते, फारच थोडे परदेशी विद्यार्थी तिथे जातात. तिथल्या वकिलीणबाईंनी करार वाचला आणि एक जास्तीची गोष्ट सांगितली. घर मिळालं तेव्हा रंग दिलेला नसेल आणि त्याची वाजवी भरपाईही मिळाली नसेल, तर जाताना रंग देण्याची छापील अट सहसा लागू होत नाही. २०१५चा निकाल आहे. माझ्या बाबतीत मात्र घर रंगवलेलं मिळालं होतं, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता.

मी आजोबांना पत्र लिहिलं. जुना प्रोटोकॉल, जुना ईमेल, तिन्ही वेळचे फोटो जोडले. कपाट चिकटवून ठेवलं होतं हेही लिहिलं, कारण फोटोत ते दिसतच होतं. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. शंभर युरोवर मिटलं. अगदी न्याय्य आकडा किती हे मला माहीत नाही, पण शंभर द्यायला मला वाईट वाटलं नाही.

बाकीची कामं भराभर सांगते. जर्मनीतच राहणार असाल तर नव्या पत्त्यावर दोन आठवड्यांत नोंदणी केली की पुरे, जुन्या गावात वेगळं काही करावं लागत नाही. त्यासाठी नव्या मालकाचं सहीचं पत्र लागतं. देश सोडणार असाल तर मात्र नोंदणी रद्द करावी लागते, निघायच्या आठवडाभर आधीपासून ते निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत. त्या कागदाची प्रत जपून ठेवा, कारण इंटरनेट आणि रेडिओ-टीव्ही शुल्क बंद करताना तो उपयोगी पडतो. हे शुल्क घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे आणि तुम्ही गेलात म्हणून आपोआप थांबत नाही. व्हिसाची मुदत संपत आली असेल तर शहर बदलताना फाईलही एका कार्यालयातून दुसऱ्यात जाते, तेव्हा अर्ज लवकर करा. आणि भारतात परतणार असाल तर इथलं बँक खातं घाईने बंद करू नका.

खातं चालू ठेवायचं कारण वर्षाचा हिशोब. पाणी, हीटिंग, कचरा यांचे आपण दरमहा अंदाजे पैसे भरतो, खरा हिशोब नंतर येतो. हिशोबाचं वर्ष संपल्यावर तो पाठवायला मालकाला बारा महिने मिळतात. माझं वर्ष डिसेंबरला संपतं, म्हणजे एप्रिलमध्ये सोडलेल्या घराचा हिशोब पुढच्या वर्षीच्या डिसेंबरपर्यंत कधीही येऊ शकतो. तोवर डिपॉझिटातला वाजवी हिस्सा मालक राखून ठेवू शकतो. आजोबांनी शंभर कापले, ९८० युरो जूनमध्ये परत केले, आणि दीडशे त्यांच्याकडेच आहेत. मागचा हिवाळा कडक होता आणि मी आता खिडक्या नीट उघडायला शिकले होते, तेव्हा त्यातले किती परत येतात ते बघायचं.