अर्ध्या अंशाचा हिशेब

बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकाकडून इलेक्ट्रॉनिक सिटीकडे नेणारा, २०१० साली खुला झालेला उन्नत मार्ग सुमारे १० किलोमीटर लांबीचा आहे. स्टीअरिंग रॅक नुकताच बदललेल्या मोटारीची खरी परीक्षा अशाच सरळ, वेगवान रस्त्यावर होते. गाडी एका बाजूस ओढ घेते किंवा स्टीअरिंग तिरपे धरावे लागते.

रॅक बदलताना दोन्ही बाजूंचे टाय रॉड सोडवावे लागतात. आटे मोजून ते पूर्ववत बसविले, तरी ती अलाइनमेंट केंद्रापर्यंत पोहोचण्यापुरती सोय असते. पुढची चाके अर्धा-अर्धा अंश आत वळलेली राहिली, तर भूमितीच्या हिशेबाने प्रत्येक टायर किलोमीटरमागे जवळजवळ ९ मीटर आडवा घासला जातो. या मार्गाच्या एका खेपेत सुमारे ८७ मीटर!

म्हणून क्रम पाळावा. प्रथम टायरमधील हवा आणि सांध्यांतील ढिलेपणा तपासावा. मग रॅक नेमका मध्यावर आणून स्टीअरिंग सरळ स्थितीत अडकवावे व त्यानंतरच दोन्ही टाय रॉड जुळवावेत. स्टीअरिंग तिरपे राहिल्यास ते उपसून सरळ बसविणे हा उपाय नव्हे; मूळ दोष तसाच राहतो. इलेक्ट्रिक स्टीअरिंग असल्यास सेन्सरची शून्यस्थितीही जुळवून घ्यावी.

काम संपल्यावर आधीच्या व नंतरच्या मापांचा छापील तक्ता अवश्य मागावा आणि पावतीसोबत जपून ठेवावा. टायर अकाली झिजू लागल्यास हाच कागद उपयोगी पडतो.